तज्ज्ञांचा शब्द आणि मृतांची साक्ष

विज्ञानाने मनुष्यास परप्रत्ययाच्या जाचातून सोडविले, असे आपण सुशिक्षित लोक मोठ्या अभिमानाने म्हणत असतो. पूर्वीचे लोक ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानीत, वडील सांगतात म्हणून मानीत. आता जो तो आपल्या डोळ्यांनी पाहतो व आपल्या बुद्धीने पारखतो, असा या म्हणण्याचा मथितार्थ. कॉलेजात तर्कशास्त्र शिकविताना हे विधान आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा वाचले आहे की, त्याची गणती करणे कठीण. या समजुतीस सर्वांत अनुकूल असे उदाहरण शोधावयाचे झाल्यास ते उत्खननाचे होय. बखर लिहिणारा मनुष्य धन्याची स्तुती करील, पुराणकार कल्पनेचे पंख लावील. परंतु कुदळीखाली जे सापडते ते कोणाची भीड धरीत नाही. कागदोपत्री इतिहास म्हणजे ऐकीव गोष्ट, आणि उत्खनन म्हणजे प्रत्यक्ष दर्शन, असा भेद बहुतेकांच्या मनात असतो.

आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. कोणत्याही चांगल्या उत्खननाचा अहवाल उघडून पाहावा. ज्याच्या नावावर तो प्रसिद्ध झाला आहे त्या उत्खनकाने त्यात केलेल्या विधानांपैकी कितीतरी विधाने अशी असतात की, ती त्याने स्वतः पडताळून पाहिलेली नसतात आणि पडताळून पाहण्याचे सामर्थ्यही त्याच्या अंगी नसते. येथील लोक जव खात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतो. हे हाड हरणाचे, हे प्राणिशास्त्रज्ञ सांगतो. ही वस्ती अमुक शतकातील, हे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून कळते. उत्खनक या सर्वांचा शब्द घेतो आणि आपण वाचक उत्खनकाचा शब्द घेतो. तेव्हा प्रश्न असा उत्पन्न होतो की, जे आपण पाहिले नाही व पाहूही शकत नाही, ते दुसऱ्याच्या शब्दावर खरे मानण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो? आणि असा शब्द देणाऱ्यावर व घेणाऱ्यावर कोणते नैतिक बंधन पडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, इनामगाव नावाचे गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. हसमुख धीरजलाल सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी हे त्या कामाचे धुरीण होते. इ. स. पूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, तेथे शेतकऱ्यांची वस्ती नांदली. त्यांस लेखनकला अवगत नव्हती. त्यांच्या एकाही मनुष्याचे नाव आपणांस ठाऊक नाही, व पुढेही होण्याचा संभव नाही. महाराष्ट्राच्या भूमीवर इतका दीर्घकाळ शेती करून राहिलेल्या या लोकांविषयी जे काही कळावयाचे ते मातीतूनच कळावयाचे.

आता साध्या डोळ्यांस तेथे काय दिसले? चोपलेल्या जमिनी, खांबांच्या खळग्यांच्या रांगा, कुडाच्या भिंतींचे अवशेष, चुली, रंगीत खापरे, राखेचे ढीग. शंभराहून अधिक घरे उघडकीस आली. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने आढळली. त्यांत लहान मुलांची संख्या मोठी. मूल गेले की, दोन रांजण तोंडास तोंड लावून आडवे ठेवीत व त्यांत त्याचा देह ठेवून घरातच पुरीत. एवढे उत्खनकास दिसते, आणि एवढ्यावरूनही मन भरून येते. परंतु ही माणसे काय खात, किती जगत, कशाने खंगत, त्यांचे गाव का उजाड झाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नुसत्या डोळ्यांस मिळत नाही. येथे तज्ज्ञांचे काम सुरू होते.

प्रथम धान्य घेऊ. तीन हजार वर्षांपूर्वीचा दाणा मातीत टिकत नाही. तो कुजतो किंवा किडे खातात. परंतु स्वयंपाक करताना किंवा घरास आग लागल्यामुळे जो दाणा जळून कोळसा झाला, तो मात्र टिकतो. कारण कोळशावर कीड वा बुरशी जगत नाही. अशी माती पाण्यात कालविली असता जड कण तळाशी बसतात आणि कोळसलेले दाणे वर तरंगतात. ते टिपून, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून, आजच्या वाणांशी ताडून पाहणे हे वनस्पतितज्ज्ञाचे काम. इनामगावच्या दाण्यांचा असा अभ्यास मुकुंद काजळे यांनी केला, व त्यावरून जव हे तेथील मुख्य पीक होते, जोडीला गहू, मसूर, कुळीथ इत्यादी धान्ये होती, असे निष्पन्न झाले. ज्या प्रदेशात आज ज्वारी-बाजरीवाचून भाकरीची कल्पना करवत नाही, तेथील आद्य शेतकरी जवावर जगत, ही गोष्ट कोणत्या बखरीने आपणांस सांगितली असती?

नंतर जनावरांची हाडे. उकिरड्यात पडलेले हाडाचे ढलपे सामान्य मनुष्यास सारखेच दिसतात. प्राणिशास्त्रज्ञ सांध्याच्या आकारावरून जनावर ओळखतो, दातांच्या झिजेवरून मरतेवेळचे वय सांगतो, हाडावरील सुरीच्या खुणांवरून मांस कोठे कापले ते दाखवितो. इनामगावी हे काम पी. के. थॉमस यांनी केले. गाईबैल, शेळ्यामेंढ्या यांच्याबरोबर हरणासारखी रानटी जनावरेही तेथील आहारात होती, असे त्यावरून दिसते. गोवंशाच्या हाडांवरही कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत. हे विधान कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. परंतु ते वाचकाच्या रुचीकरिता केलेले नाही, यातच त्याचे मोल आहे.

तिसरी माणसांची हाडे व दात. हाड हे जन्मभर झिजते व पुन्हा भरत राहते. दाताचे कठीण आवरण मात्र बालपणी एकदा तयार झाले की पुन्हा तयार होत नाही. म्हणून ते घडत असता मुलास मोठा आजार झाला किंवा उपासमार घडली, तर त्या आवरणावर आडवी रेघ किंवा खाच उमटते आणि ती मरेपर्यंत कायम राहते. आईलाही ज्याचा विसर पडला असेल असे लहानपणचे दुखणे दात तीन हजार वर्षे लक्षात ठेवतो. इनामगावच्या सांगाड्यांचे परीक्षण जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी करून त्याचा वृत्तांत १९८६ साली प्रसिद्ध केला. नदीने आणलेला गाळ व माती यांवरून प्राचीन हवामान व भूरूप जाणण्याचे जे शास्त्र आहे, त्याचा पाया दख्खनच्या नद्यांच्या बाबतीत शरद राजगुरू यांनी घातला.

शेवटी काळ. प्रत्येक सजीव वस्तू हवेतील कार्बन ग्रहण करते. त्यात किरणोत्सारी कार्बनाचा अल्प अंश असतो. जीव गेल्यावर ग्रहण थांबते आणि त्या अंशाचा क्षय होऊ लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. उरलेला अंश मोजला म्हणजे मृत्यूचा काळ निघतो. ही पद्धती विलर्ड लिबी यांनी १९४९ साली जगापुढे मांडली व तीबद्दल त्यांस १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा निघाली आणि भारतातील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचा काळ प्रथमच आकड्यांनी सांगता येऊ लागला.

ही सर्व सामग्री एकत्र आली म्हणजे उत्खनक लिहितो की, अमुक काळी येथे जवाची शेती करणारे, गुरे पाळणारे, प्रसंगी शिकार करणारे लोक राहत होते. वाक्य एक, परंतु त्याच्या पोटात चार शास्त्रे आहेत, आणि त्या चारींत पारंगत असा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर बहुधा कोणी नसेल. उत्खनकास कोळसलेल्या दाण्याची जात स्वतः ठरविता येत नाही, वनस्पतितज्ज्ञास कार्बनाचे मापन करता येत नाही, आणि पदार्थवैज्ञानिकास बकरीचे हाड व हरणाचे हाड यांतील भेद कळत नाही. प्रत्येक जण दुसऱ्यावर विसंबून आहे.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची जी साधने सांगितली आहेत त्यांत प्रत्यक्ष व अनुमान यांच्या पंक्तीस शब्द हे प्रमाण बसविले आहे. आधुनिक सुशिक्षितास या तिसऱ्या प्रमाणाविषयी फारसा आदर नसतो. शब्दप्रमाण म्हणजे पोथीवरील आंधळा विश्वास, असे तो समजतो. येथे कोणी आक्षेप घेईल की, तज्ज्ञ जे सांगतो ते त्याचे अनुमान असते, त्यास शब्द कसे म्हणता? आमचे उत्तर असे की, तज्ज्ञाच्या ठिकाणी ते अनुमान खरे. परंतु ते अनुमान ज्यास स्वतः करता येत नाही त्याच्या ठिकाणी ते शब्दच होय. दाणा पाहून जव ओळखणाऱ्याचे ज्ञान निराळे आणि त्याने जव म्हटले म्हणून जव मानणाऱ्याचे ज्ञान निराळे. तेव्हा विज्ञानाने शब्दप्रमाण हद्दपार केले, हे म्हणणे टिकत नाही. शास्त्रे जसजशी वाढली व त्यांच्या शाखा फुटल्या, तसतसे आपले शब्दावरील अवलंबन उलट वाढले आहे.

मात्र नैयायिकांनी वाटेल त्याचा शब्द प्रमाण मानलेला नाही; आप्ताचा मानला आहे. आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे किंवा अधिकारपदावर बसलेला मनुष्यही नव्हे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचे जे लक्षण केले आहे त्याचा आशय असा की, ज्यास त्या वस्तूचे साक्षात् ज्ञान झाले आहे आणि जसे झाले तसेच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की, हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ग्रंथातील ही उदारता आजही विचारात घेण्यासारखी आहे. जात, देश, पदवी यांवरून आप्तत्व ठरत नाही. ज्ञान आणि प्रामाणिकपणा या दोहोंवरून ठरते. यांपैकी एक गुण बुद्धीचा आहे, दुसरा शीलाचा. ज्ञानाच्या प्रश्नात नीतीचा प्रश्न येथे शिरतो आणि त्यास बाहेर काढता येत नाही.

वात्स्यायनाच्या या दोन अटींस आम्ही आणखी दोन जोडू इच्छितो. तज्ज्ञाने आपल्या पुराव्याची मर्यादा ओलांडू नये, ही तिसरी. आणि ज्या वस्तूवरून तो बोलला ती वस्तू दुसऱ्यास पुन्हा तपासता यावी, ही चौथी. पहिल्या दोन अटी मनुष्याविषयी आहेत. परंतु मनुष्य प्रामाणिक असूनही चुकतो, म्हणून शेवटच्या दोन अटी आवश्यक ठरतात. त्या न पाळल्यास काय होते याचे एक ढळढळीत उदाहरण इंग्लंडात घडले आहे.

१९१२ साली ससेक्स परगण्यातील पिल्टडाउन येथे चार्ल्स डॉसन नावाच्या हौशी संशोधकास एक कवटी व जबडा मिळाल्याचे जाहीर झाले. कवटी माणसाची, जबडा वानरासारखा. ब्रिटिश म्युझियमचे विख्यात तज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी हे दोन्ही एकाच प्राण्याचे मानले आणि वानर व मनुष्य यांतील दुवा इंग्लंडच्या भूमीवर सापडला, अशी ग्वाही दिली. शंका घेणारे होते. परंतु मूळ अस्थींऐवजी बहुतेक अभ्यासकांच्या वाट्यास प्रतिकृतीच येत, आणि स्वदेशाभिमानास गोड लागणाऱ्या गोष्टीची कसून चौकशी करण्याची घाई कोणास नसते. पुढे १९२५ साली रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाँग येथील बालकवटीचे खरेखुरे महत्त्व सांगितले, तेव्हा ती पिल्टडाउनच्या चित्राशी जुळत नाही, या कारणासाठीही पुष्कळांनी ती बाजूस सारली. अखेर न्याय कोणी केला? जमिनीतील हाड भूजलातून फ्लोरिन शोषीत असते, या रसायनशास्त्रातील तत्त्वावर केनेथ ओकली यांनी १९४९ साली परीक्षा केली, तेव्हा ती हाडे पुरातन नाहीत असे दिसले. आणि १९५३ साली ओकली, वाइनर व ल ग्रोस क्लार्क यांनी सिद्ध केले की, कवटी अलीकडच्या माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि सर्वांवर रंग चढविलेला. चाळीस वर्षे विद्वानांची फसवणूक झाली. ज्यांचा शब्द घेतला गेला ते सर्व लबाड नव्हते. बहुतेक सज्जन होते. परंतु त्यांनी पुराव्यापलीकडे पाऊल टाकले, आणि इतरांनी त्यांची कीर्ती पाहून शब्द घेतला. एक गोष्ट मात्र चांगली झाली की, हाडे जपून ठेविली होती. ती फेकली असती, तर ओकलींस परीक्षा कशावर करता आली असती?

कपटाचा प्रसंग विरळा. प्रामाणिक चुकीचा नेहमीचा. त्या बाबतीत कार्बनपद्धतीचा इतिहास उद्बोधक आहे. वातावरणातील किरणोत्सारी कार्बनाचे प्रमाण सर्व काळी सारखेच होते, असे गृहीत धरून लिबी यांनी गणित केले होते. १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरील हजारो वर्षे जगणाऱ्या पाइन वृक्षांची वार्षिक वलये मोजून त्या त्या वलयातील कार्बन तपासण्यात आला, तेव्हा हे गृहीत काटेकोर खरे नाही असे कळले. मग वलयांच्या आधाराने जुने आकडे दुरुस्त करण्याची कोष्टके तयार झाली, आणि आज कोणताही कार्बनकाळ अशा दुरुस्तीवाचून प्रसिद्ध होत नाही. पदार्थविज्ञानासारख्या प्रौढ शास्त्राची चूक लाकडाच्या चकत्या मोजणाऱ्यांनी दाखविली, आणि त्यात कोणास अपमान वाटला नाही. एका आप्तास दुसरा आप्त प्रश्न विचारू शकतो, हीच या व्यवस्थेची खरी शक्ती. पोथीवरील विश्वासात आणि या विश्वासात आम्हांस जो भेद दिसतो तो हाच.

आता या कसोट्या घेऊन पुन्हा इनामगावी जाऊ. तेथे प्रौढ माणसांच्या पुष्कळ दफनांत देह उत्तरेकडे डोके करून उताणा ठेवलेला, पण घोट्याखालची पावले तोडलेली, असे आढळले. एका घराखाली मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसविलेला प्रौढ पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत होती. अस्थितज्ज्ञ येथे काय सांगू शकतो? पावले नाहीत, हा सांगाडा पुरुषाचा, त्याचे वय साधारण इतके. पुढे उत्खनकांनी अनुमान केले की, मृताने भूत होऊन पळून जाऊ नये म्हणून पावले तोडीत असावेत, आणि रांजणातील पुरुष गावचा प्रमुख असावा. अनुमाने समंजस आहेत. परंतु पावले नसणे ही गोष्ट हाडांवरून कळते. ती का तोडली, ही भीती की प्रीती, हे हाडांवरून कळत नाही. वाचकाच्या मनात मात्र दोन्ही गोष्टी एकाच वजनाने बसतात. कारण दोन्ही एकाच पानावर, शास्त्राच्या छत्राखाली छापलेल्या असतात. तज्ज्ञाच्या सहीचा आधार जेथे संपतो ती रेषा स्पष्ट दाखविणे हे उत्खनकाचे कर्तव्य होय, आणि ती रेषा शोधणे हे वाचकाचे.

दुसरी गोष्ट त्या गावाच्या ऱ्हासाची. इ. स. पूर्वी १००० च्या सुमारास तेथे मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि खापरांचा दर्जा घसरतो. पाऊस कमी होऊन शेती बुडाली व लोक दैन्यास लागले, असे मत ढवळीकरांनी मांडले आणि ते सर्वत्र प्रसिद्ध झाले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या विदुषीने नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरकाळातील मुलांच्या वाढीत अपुऱ्या पोषणाच्या खुणा त्यांस आढळल्या. परंतु त्याचबरोबर अचानक आलेल्या अवर्षणाची कल्पना हवामानविषयक पुराव्याशी कितपत जुळते, असा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. म्हणजे दैन्याची साक्ष बळकट झाली आणि त्याचे सांगितलेले कारण मात्र शंकास्पद ठरले. यावर अंतिम निर्णय देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. उत्खनन थांबल्यावर पाव शतकाहून अधिक काळ लोटला असता एका परदेशी अभ्यासिकेस मूळ खोदणाऱ्यांच्या मतावर प्रश्न विचारता आला. कारण ती चिमुकली हाडे डेक्कन कॉलेजात नीट जपून ठेविलेली होती. आपल्या मताच्या खंडनाचे साधन जो पुढील पिढीसाठी जतन करून ठेवतो, त्याच्या ज्ञाननिष्ठेस तोड नाही.

अशा कामात सर्वांत मोठी अडचण कोणती, असे विचाराल तर ती तज्ज्ञांच्या अभावाची नव्हे. ते एकमेकांशी बोलत नाहीत ही होय. पुष्कळ अहवालांत अशी रीत दिसते की, खोदकाम आटोपल्यावर पिशव्या भरून नमुने दूरच्या प्रयोगशाळेकडे धाडावेत, तेथून उत्तर आले म्हणजे ते परिशिष्ट म्हणून शेवटी जोडावे, आणि मुख्य कथा मात्र त्यापूर्वीच लिहून ठेवलेली असावी. ज्याने टेकाड पाहिलेच नाही त्यास दाणा चुलीतला की कोठारातला हे कसे कळावे? आणि ज्याने परिशिष्ट वाचलेच नाही त्याची कथा त्या पुराव्यावर उभी आहे असे कसे म्हणावे? सांकळियांस ही गोष्ट लवकर उमगली होती. १९४० नंतरच्या दशकातच गुजरातेतील लांघणज येथील अश्मयुगीन वस्तीच्या कामात त्यांस मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे साहाय्य होते, आणि फ्रेडरिक झॉयनर यांच्यासारख्या भूकालतज्ज्ञास बोलावून त्यांनी त्या प्रदेशाची पाहणी करविली. पुढे वनस्पती, प्राणी, अस्थी व माती यांचे अभ्यासक डेक्कन कॉलेजात एकाच छपराखाली आले. आंधळे व हत्ती यांचा न्याय आपण नेहमी सांगतो. परंतु तेथील आंधळ्यांचा दोष इतकाच की, त्यांनी एकमेकांस विचारले नाही. विचारले असते, तर आंधळ्यांसही हत्ती कळला असता.

कोणी म्हणेल, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याने जव खाल्ले की गहू, यात नैतिक प्रश्न कसला? यावर आमचे म्हणणे असे की, राजांचे शिलालेख आहेत, कवींची काव्ये आहेत. ते आपली बाजू आपण मांडतात. इनामगावच्या घराखाली दोन रांजणांत निजविलेल्या मुलाची बाजू मांडणारे कोणी नाही. त्याच्या दातावरील एक रेघ हेच त्याचे आत्मचरित्र, आणि ती रेघ वाचणारा तज्ज्ञ हाच त्याचा एकमेव वकील. त्याने आळसाने चुकीचे वाचले किंवा श्रोत्यांस खूष करण्यासाठी फिरवून सांगितले, तर उठून प्रतिवाद करण्यास ते मूल येणार नाही. जो प्रतिवाद करू शकत नाही त्याच्याविषयी बोलताना अधिक जपून बोलावे, हा साधा सज्जनपणाचा नियम आहे. जिवंतांच्या बाबतीत तो आपण मानतो, मृतांच्या बाबतीत तो सोडण्याचे कारण दिसत नाही.

वाचकांवरही याची जबाबदारी येते. हरियाणातील राखीगढी येथील हडप्पा संस्कृतीच्या दफनभूमीतील साठाहून अधिक नमुन्यांतून प्राचीन डी. एन. ए. मिळविण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांपैकी एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून उपयोगी पडेल इतका तो मिळाला. तद्विषयक निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. एका स्त्रीची साक्ष ती, आणि तीही मोलाची. परंतु पुढील काही आठवड्यांत वृत्तपत्रांतून व सभांतून जो गदारोळ झाला, त्यात आपल्या पूर्वजांविषयी निरनिराळी मते आधीच ठरवून बसलेल्या पक्षांनी त्या एका साक्षीतून आपापला संपूर्ण इतिहास वदवून घेतला. निबंधातील आकडे फारच थोड्यांनी वाचले असतील. जय किंवा पराजय मात्र सर्वांनी वाचला. तज्ज्ञाचा शब्द घेणे वेगळे आणि त्याच्या तोंडी आपला शब्द घालणे वेगळे.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते. दुसऱ्याच्या शब्दावर खरे मानणे यात कमीपणा नाही; त्यावाचून प्राचीनांचेच काय, आजच्या जगाचेही ज्ञान होणे अशक्य. वैद्याने सांगितलेले निदान, इंजिनिअरने सांगितलेली पुलाची मजबुती, ही आपण अशीच मानतो. परंतु मानण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: सांगणाऱ्याने ती वस्तू स्वतः पाहिली आहे काय, जसे दिसले तसे सांगण्यात त्याचा काही तोटा असूनही तो तसेच सांगतो काय, आपल्या पुराव्याची हद्द कोठे संपते हे तो आपण होऊन दाखवितो काय, आणि उद्या कोणी त्यास खोटा ठरवू म्हणेल, तर त्यासाठी लागणारी साधने त्याने जपून ठेविली आहेत काय. जो या चार प्रश्नांस उतरतो तो आप्त, मग तो कोणत्याही देशाचा वा कोणत्याही पक्षास गैरसोयीचा असो. आणि हे प्रश्न विचारण्याचा कंटाळा करून जो केवळ आपल्या मनाजोगे उत्तर देणाऱ्याचा शब्द घेतो, त्याने पोथी टाकून वैज्ञानिक अहवाल हाती घेतला असला तरी त्याची बुद्धी परप्रत्ययाच्याच स्वाधीन राहिली आहे, असे म्हणणे भाग आहे.